नवव्या पलटणीची परतीची वेळ

कंट्रोलर निवृत्त झाले त्या दिवशी बसडेपोच्या विश्रांतीगृहात निरोपाचा कार्यक्रम झाला. गुच्छ देऊन झाला. भिंतीवरचं घड्याळ भेट देऊन झालं. चौतीस वर्षं घड्याळाकडे बघण्यात घालवलेल्या माणसाला घड्याळच द्यावं, हे ज्याला सुचलं त्याचे खरं तर पाय धरायला हवेत. मग वर्कशॉपचे फोरमन बोलायला उभे राहिले. फोरमन कधी भाषण करत नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी माइक हातात घेतला, खिशातल्या चिंधीने पुसला, आणि म्हणाले, "कंट्रोलरसाहेबांचं वेळापत्रक फार देखणं असायचं. भिंतीवर शोभून दिसायचं. गाड्या काय, त्याच्याशिवायही धावल्याच असत्या."

सगळे हसले. कंट्रोलरही हसले, कारण आपल्याच निरोपाला तोंड पाडून बसणं बरं दिसत नाही. पण ते वाक्य त्यांच्या घशात अडकलं ते अडकलंच. घरी येऊन जेवताना अडकलं, झोपताना अडकलं, दुसऱ्या दिवशी दात घासतानाही तिथंच होतं.

आता हा माणूस कोण ते आधी सांगायला हवं. डेपोत दोन आणि तीन नंबरच्या फलाटांच्या मधोमध एक काचेची केबिन होती. तिच्यात एक माइक, एक फळा, दोरीला बांधलेली पेन्सिल आणि कंट्रोलर. बाविसाव्या वर्षी ते त्या केबिनमध्ये शिरले आणि छप्पन्नाव्या वर्षी बाहेर आले. रोजच्या एकशे शहाऐंशी फेऱ्या त्यांना तोंडपाठ होत्या. पहिली पाच-चाळीसला सुटे, म्हणून डेपोतली माणसं त्यांना पाठीमागे 'पाच-चाळीस' म्हणत. पाठीमागे म्हणजे अगदी चार पावलांवर, त्यांना ऐकू जाईल असं. मुलगा झाला तेव्हा नर्स आनंदाने सांगायला बाहेर आली, तर यांनी पहिला प्रश्न विचारला तो नेमकी वेळ काय हा. डॉक्टरांनी दिलेल्या वेळेपेक्षा मुलगा अकरा मिनिटं आधी आला होता. कंट्रोलरांनी ते वहीत टिपलं आणि मग पेढ्यापाण्याचं बघायला गेले.

आणि फोरमन? फोरमनांचा एकच शब्द साऱ्या डेपोला माहीत होता: 'होतंय.' कंट्रोलर सकाळी केबिनमधून वर्कशॉपला फोन लावत, सहा-पन्नासची गाडी कुठाय म्हणून विचारत, आणि पलीकडून उत्तर येई, होतंय. या 'होतंय'ची लांबी दहा मिनिटांपासून अख्ख्या दुपारपर्यंत काहीही असू शकत होती. माणूस आळशी नव्हता, उलट फार कामाचा होता. पण ज्या गाडीखाली आपण स्वतः शिरलो नाही आणि जिच्या ब्रेकवर आपला जीव बसला नाही, ती गाडी फाटकाबाहेर सोडायची नाही, हा त्यांचा नियम होता, आणि तो मोडायला प्रत्यक्ष साहेब आले असते तरी त्यांनाही 'होतंय'च ऐकावं लागलं असतं. त्या एका फोनवर दोघं एकतीस वर्षं भांडले. भांडले तेही अहो-जाहो करून. इतकं भांडून माणसं एक तर एकेरीवर येतात नाही तर सोयरे होतात, यांचं दोन्ही झालं नाही.

निवृत्तीनंतर पहिले आठ दिवस कंट्रोलरांनी विश्रांती घेतली. नवव्या दिवशी त्यांनी घराचं वेळापत्रक केलं. न्हाणीघराच्या दारावर कागद लागला: बायको सहा-दहा ते सहा-पंचवीस, सूनबाई सहा-तीस ते सहा-पन्नास, आणि मधली पाच मिनिटं 'फलाट मोकळा करण्यासाठी'. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी असे आणि शनिवारी येई, म्हणून त्याच्यासमोर 'फक्त शनिवार-रविवार' असं लिहिलं होतं. इथवर ठीक होतं. पण एके दिवशी बायकोच्या बहिणी घरी आलेल्या असताना कंट्रोलरांनी बाहेरच्या खोलीतून खणखणीत आवाजात जाहीर केलं, की स्वयंपाकघरातून येणारा चहा आज सात मिनिटं उशिराने धावत आहे. बायको कप घेऊन बाहेर आली. कप तिने शांतपणे खाली ठेवले आणि तितक्याच शांतपणे सांगितलं, की अजून एक कागद या घरात कुठंही दिसला तर ती महिनाभर बहिणीकडे जाऊन राहील, आणि परत कधी येणार ते आगाऊ कळवणार नाही. परतीची वेळच कळवणार नाही म्हटल्यावर कंट्रोलरांच्या अंगावर काटा आला.

घर वाचवलं ते सूनबाईंनी. ती घरी बसूनच कॉम्प्युटरवर काम करायची, आणि सासऱ्यांचं ते केविलवाणं घरभर फिरणं तिच्या डोळ्यांसमोरच चाललेलं असायचं. तिने आपला जुना कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत मांडला आणि त्यावर लढायांचा एक खेळ घालून दिला. प्राचीन रोमच्या काळातला. समुद्राभोवती पसरलेला मोठा नकाशा, त्यावर शहरं, डोंगर, जंगलं. आपण रोमचे. आपल्याकडे बारा पलटणी. एकशे वीस खेळ्यांमध्ये जास्तीत जास्त शहरं जिंकायची, बस्स. मधेमधे इतर लोकही होते, कार्थेजचे हत्तीवाले होते, आणि नकाशाच्या एका कोपऱ्यात हिरव्या रंगाच्या मेंढपाळांची एक टोळी होती. ती टोळी कॉम्प्युटर स्वतःच चालवायचा आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नसे.

कंट्रोलरांनी नकाशा पाहिला. त्यांना पलटणी दिसल्या नाहीत, तलवारी दिसल्या नाहीत, शत्रूही दिसला नाही. त्यांना दिसले ते रस्ते. सरळसोट, फरसबंदीचे, मैलामैलावर दगड रोवलेले, सगळे रोममधून निघून सगळीकडे जाणारे. बापरे, केवढा डेपो हा, त्यांच्या मनात आलं. त्यांनी चष्मा पुसला, ठेवणीतली वही काढली आणि पट्टीने रेघा मारायला बसले. संध्याकाळपर्यंत बाराही पलटणींचं वेळापत्रक तयार होतं. पहिली पलटण अमुक खेळीला सुटेल, तमुक खेळीला डोंगरघाट, दोन खेळ्यांचा थांबा, मग परत. अकरा पलटणी मार्गावर, बारावी रोममध्येच राखीव, कुठं बिघाड झाला तर पाठवायला. आणि मुख्य नियम असा, की सुटलेली प्रत्येक पलटण ठरल्या वेळी आपल्या डेपोत परत आलीच पाहिजे.

सूनबाईंनी समजावून पाहिलं. बाबा, यांना परत नाही आणायचं, यांनी पुढं जात राहायचं असतं. त्यावर त्यांनी तिलाच विचारलं, की मग त्या माणसांनी घरी कधी जायचं? पुढं एका लढाईत शत्रूने शस्त्रं टाकून पळ काढला, विजय अगदी हातात आला, आणि तेवढ्यात तिसऱ्या पलटणीची पाळी संपली. कंट्रोलरांनी पलटण वळवली. पळणारा शत्रू थोडं पळून थांबला, मागं वळून पाहिलं तर मैदानात कुणी नाही. सूनबाईंनी कपाळाला हात लावला. पण या पद्धतीने त्यांचा एकही शिपाई कधी मेला नाही, आणि घरात एकही नवा कागद लागला नाही. बायकोने खेळाला मनोमन आशीर्वाद दिला.

आता डेपोची कंडक्टरताई त्यांच्याच गल्लीत राहायची. तिच्या पोटात काही राहत नसे. रोमचं सैन्य वेळापत्रकावर धावतंय ही बातमी तिने दुसऱ्याच दिवशी विश्रांतीगृहात फोडली, आणि तिथून ती वर्कशॉपमध्ये गेली. फोरमन म्हणे गाडीखाली होते. तिथूनच म्हणाले, की बघा, रोमची भिंतसुद्धा सोडली नाही यांनी. हे वाक्य उलट पावली कंट्रोलरांकडे आलं. घशात आधीच एक वाक्य अडकलेलं, त्यात हे दुसरं. कंट्रोलरांनी इस्त्रीचा शर्ट घातला, एक-दहाला, म्हणजे बरोबर जेवणाच्या सुट्टीला डेपोत गेले आणि सगळ्यांसमोर फोरमनांना आव्हान दिलं.

अटी तिथल्या तिथे ठरल्या. फोरमन कार्थेज घेतील, कंट्रोलर रोम. कंट्रोलर जिंकले तर फोरमनांनी याच खोलीत, याच माइकवर, याच माणसांसमोर ते निरोपाच्या दिवशीचं वाक्य मागं घ्यायचं. फोरमन जिंकले तर कंट्रोलरांनी उभं राहून म्हणायचं, की होय, गाड्या वर्कशॉपमुळे धावल्या, माझा कागद नुसता भिंतीवर होता. रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास, अर्ध्या तासात दहा खेळ्या, असे बारा दिवस. एक कॉम्प्युटर सूनबाईंचा, एक युनियनच्या खोलीतला. पंच म्हणून कंडक्टरताई, तिच्या हातात गाडीतली जुनी घंटी. दोन टोले म्हणजे सुरू, एक टोला म्हणजे थांब.

लोकांना ही गंमत वाटत होती. कंट्रोलरांना वाटत नव्हती. ते कुणाला बोलून दाखवत नव्हते, पण चौतीस वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. तेवढी वर्षं आपण नुसती भिंत सजवत होतो की काय, हा विचार त्यांना खात होता, आणि त्याचं उत्तर आता त्या बारा दिवसांतच मिळणार होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी जे केलं ते जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुठल्या सेनापतीने केलं असेल असं वाटत नाही. त्यांनी अकरा मार्गांचं, एकशे वीस खेळ्यांचं, दोन रंगांच्या शाईतलं पलटणींचं संपूर्ण वेळापत्रक आणलं आणि विश्रांतीगृहाच्या सूचनाफलकावर चार टाचण्या लावून टांगलं. कुठली पलटण कुठल्या खेळीला कुठं असेल, किती थांबेल, कधी निघेल, सगळं शत्रूच्या डोळ्यांसमोर. कंडक्टरताईच्या हातातली घंटी गळायची वेळ आली. सूनबाई तर उठून उभीच राहिली.

"बाबा, अहो, सगळी चाल सांगून टाकलीत तुम्ही त्यांना," ती म्हणाली.

"वेळापत्रक लावायचं नाही म्हणजे काय?" कंट्रोलर म्हणाले. "लोकांना दिसणार नसेल तर ते वेळापत्रक कसलं? तो मनाचा कारभार झाला."

फोरमन चिंधीने हात पुसत फलकासमोर आले. त्यांनी वेळापत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. सावकाश, बोट फिरवत वाचलं. मग जागेवर जाऊन बसले. बघणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तिथंच ठरवून टाकलं, की रोम आता दोन दिवसांचं पाहुणं आहे.

पण फोरमन म्हणजे फोरमन. त्यांनी कार्थेज घेतलं होतं ते हत्तींसाठी. पायदळात त्यांना रस नव्हता, पायदळाला दुरुस्त करण्यासारखं काय असतं? कार्थेजकडे अकरा हत्ती होते, आणि प्रत्येक हत्तीच्या डोक्यावर त्याची तब्येत दाखवणारी हिरवी पट्टी होती. हत्ती चालला की पट्टी कमी व्हायची, शहरात उभा केला की हळूहळू भरायची. झालं. त्या पट्टीत केसभर लाल दिसलं की फोरमन हत्तीला आत घेत. पूर्ण शंभर भरल्याशिवाय वेशीबाहेर सोडत नसत. नव्याण्णव झाले तरी नाही. लोक म्हणायचे, अहो सोडा की, धावतोय चांगला. फोरमन म्हणायचे, होतंय.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. चौथ्या दिवशी पहिली मोठी लढाई व्हायची होती, नदीकाठच्या मैदानात. जेवणं सोडून चाळीस माणसं जमली. कंट्रोलरांची पाचवी पलटण तेहेतिसाव्या खेळीला मैदानात पोचली, अगदी ठोक्याला. थांबा दोन खेळ्यांचा. पलटण उभी राहिली, वाट पाहिली, पस्तीसला वळली आणि गेली. फोरमनांचे हत्ती मैदानात आले एकोणचाळिसाव्या खेळीला. कुणीच नव्हतं. हत्ती नदीवर जरा उभे राहिले, त्यांच्या पट्ट्या दोन-दोन टक्के कमी झाल्या, म्हणून फोरमनांनी त्यांना दुरुस्तीसाठी माघारी नेलं. पाचव्या दिवशी तेच. सहाव्या दिवशी जागा बदलली, बाकी तेच. रोम यायचं आणि जायचं, मग चार खेळ्यांनी कार्थेज यायचं. एकतीस वर्षं डेपोत जे चाललं होतं ते आता दोन हजार वर्षांपूर्वीच्या मैदानावर चालू झालं, फरक इतकाच की फलाटावर ताटकळणारे प्रवासी नव्हते. आठव्या दिवशी बघायला सात माणसं उरली, त्यातली दोन झोपलेली होती.

कंट्रोलर मात्र जिवाचा कान करून बसलेले असत. आपली पलटण पोचली की ते विश्रांतीगृहाचा माइक उचलत आणि गंभीर आवाजात सांगत, की रोमहून नदीकाठमार्गे येणारी पाचवी पलटण मैदान क्रमांक दोनवर लागत आहे. सवय जाते कुठे. एकदा बाहेरच्या फलाटावरचा एक गृहस्थ पिशवी घेऊन आत आला आणि ती पाचवी वाटेत बाजारात थांबते का म्हणून विचारू लागला. कंट्रोलरांनी त्याला फलक बघून अदबीने सांगितलं, की नाही, ती जलद आहे.

अकराव्या दिवशी खोली पुन्हा गच्च भरली. कारण वेळापत्रक. फलकावर पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं: नववी पलटण, कार्थेज वेस, आगमन एकशे आठ, सुटणे एकशे बारा. आणि कार्थेजच्या आत काय चाललं होतं? अकराच्या अकरा हत्ती दुरुस्तीला उभे. पट्ट्या पंच्याण्णव, शहाण्णव, चौऱ्याण्णव. वेशीवर एकसुद्धा राखणदार नाही. एकशे आठव्या खेळीला नववी पलटण वेशीसमोर जाऊन उभी राहिली. खेळाचा नियम असा, की तट चढायच्या शिड्या तयार व्हायला पाच खेळ्या लागत. म्हणजे एकशे तेराला चढाई करता येणार होती. कार्थेज ही राजधानी, ती पडली की डाव खलास, रोम जिंकलं. आणि पलटणीची परतीची वेळ होती एकशे बारा. एका खेळीने चुकत होतं.

एकशे दहाव्या खेळीला घंटीचा एक टोला पडला आणि त्या दिवसाचा डाव थांबला. एकच खेळी उशिरा सोडायची आहे, हे विश्रांतीगृहातल्या प्रत्येकाने कंट्रोलरांना कानात येऊन सांगितलं. जणू त्यांना मोजता येत नव्हतं.

संध्याकाळी ते घरी वेळापत्रकाची प्रत समोर घेऊन बसले होते. हातात खोडरबर. बारा पुसून तेरा करायचे, एवढंच काम. रबर कागदाला लागत होता आणि उचलला जात होता. बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा राहवलं नाही.

"लग्नानंतर पहिल्या वर्षी तुम्ही डबा विसरलात," ती म्हणाली. "मी तो घेऊन धावत डेपोत आले, आणि परत जायला बाराची गाडी धरायची होती. मी फलाटावर पळतेय हे केबिनमधून तुम्हाला दिसत होतं. तरी तुम्ही गाडी सोडलीत."

"बारा वाजले होते," कंट्रोलर बारीक आवाजात म्हणाले.

"तासभर बसले मी त्या बाकड्यावर. जाम चिडले होते. मग लक्षात आलं, की माझ्यासाठी थांबवली नाही, म्हणजे कुणासाठीच थांबवत नाहीत. त्यानंतर मी कधी उशिरा आले नाही, आणि तुमची गाडी कधी चुकली नाही." तिने घडी पूर्ण केली. "माझ्यासाठी नाही थांबवली ती त्या रोमवाल्यांसाठी थांबवलीत, तर बघाच. सरळ बहिणीकडे जाईन."

कंट्रोलरांनी खोडरबर डब्यात ठेवला.

ठेवला खरा, पण दुसऱ्या दिवशी एक-दहाला कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी त्यांनी फलकावरचा तो आकडा पुन्हा दोनदा वाचून पाहिला. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. नवे कंट्रोलर केबिन सोडून आले होते, ही गोष्ट आमच्या कंट्रोलरांना मुळीच आवडली नाही. दोन टोले पडले. एकशे अकरा झाली. एकशे बारा आली. शिड्या जवळजवळ तयार, पडद्यावर त्या उभ्याच दिसत होत्या. समोर राखणदाराविना वेस. आत पट्ट्या भरत उभे असलेले हत्ती, कुणाचं लक्ष नाही.

"एकच खेळी, बाबा," सूनबाई हळूच म्हणाली. "ते वाक्य मागं घेतील ते."

कंट्रोलरांना ते वाक्य मागं घ्यायला हवंच होतं. तीन महिने त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं. पण त्यांच्या मनात आलं, आपण थांबलो तर फोरमन मागं काय घेणार? कागद नुसता कागद होता हे मग आपणच दाखवून दिलं, तेही जिंकण्यासाठी. फोरमनांनी निदान बोलून दाखवलं होतं, आपण करून दाखवू. त्यांनी माइक उचलला.

"कार्थेजहून रोमला जाणारी नववी पलटण," ते म्हणाले, आणि आवाज जरा घोगरा आला म्हणून खाकरले, "आपल्या ठरलेल्या वेळी सुटत आहे."

आणि त्यांनी पलटण वळवली.

खोलीतून असा काही सुस्कारा निघाला की फलकावरचा कागद हलला. एक ड्रायव्हर रागारागाने डबा घेऊन उठून गेला. कंट्रोलर मान खाली घालून बसले. आता फोरमनांचीच पाळी होती. पाठ दाखवून निघालेली पलटण समोरच्या सरळ रस्त्यावर, मागून अकरा हत्ती सोडले की नववीचा चुराडा. सगळे फोरमनांकडे वळले. सोडा, सोडा, असं चहूकडून झालं. फोरमनांनी पट्ट्या पाहिल्या. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, होतंय.

उरलेल्या आठ खेळ्या कुणी पाहिल्याच नाहीत. एकशे विसाव्या खेळीला कॉम्प्युटरवर तुताऱ्या वाजल्या आणि निकाल झळकला: हिरवे मेंढपाळ विजयी. कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. रोमच्या पलटणी वेळेवर निघून गेल्या की आणि कार्थेजचे हत्ती दुरुस्तीला गेले की मधल्या सगळ्या शहरांमध्ये हे मेंढपाळ शांतपणे शिरत होते, बारा दिवस. पडद्यावर एक मेंढपाळ मेंढीसकट रोमच्या गादीवर बसलेला दाखवला होता. खोलीत असा हशा पिकला की बाहेर फलाटावरचे प्रवासी आत डोकावले.

म्हणजे कुणीच जिंकलं नाही. वाक्य मागं घ्यायला नको आणि म्हणायलाही नको. कंट्रोलर डब्याचं झाकण लावू लागले. एवढं करून घसा तसाच राहिला, असं त्यांना वाटत होतं.

तेवढ्यात कंडक्टरताईला राहवेना. तिने घंटी खाली ठेवली आणि फोरमनांना विचारलं, की हत्ती नव्हते सोडायचे तर नव्हते सोडायचे, पण वेशीवर चार पायदळ तरी का नाही उभे केले? साहेबांनी एकच खेळी थांबवली असती तर शहर गेलं असतं तुमचं.

फोरमन बोटांवरचं ग्रीस पुसत होते. भलत्याच बाळबोध प्रश्नाने त्यांना त्रास झाल्यासारखा दिसला.

"कशाला उभे करू?" ते म्हणाले. "तिथं सुटणे एकशे बारा लिहिलंय ना? साहेबांनी लिहिलंय म्हणजे सुटणारच. एकतीस वर्षं त्याच भरवशावर हात घालत आलोय मी गाडीखाली."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. चिंधी हातात तशीच राहिली. ते भर माइकसमोर उभे होते आणि माइक चालूच होता, त्यामुळे हे सगळं फलाट एकपासून सहापर्यंत व्यवस्थित ऐकू गेलं होतं.

कंट्रोलर खिडकीकडे वळले. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक-पस्तीसची लागली होती तेवढीच. पण त्यांना डोळे पुसायचे होते आणि ते कुणाच्या देखत पुसायचे नव्हते. घसा मोकळा झाला होता. तीन महिन्यांनी पहिल्यांदा त्यांना साधा, सरळ आवंढा गिळता आला.

लढाई संपली म्हणजे वेळापत्रक उतरवायला हवं, म्हणून ते फलकाकडे गेले. पहिली टाचणी काढली तोच फोरमन मागून आले आणि ती त्यांच्या हातातून घेऊन होती तिथं परत खोचली.

"राहू द्या," ते म्हणाले. "शोभून दिसतंय."

एक-चाळीस झाले. कंडक्टरताईने घंटीचे दोन टोले दिले, माणसं आपापल्या गाड्यांकडे पांगली. कंट्रोलरांनी शर्ट नीट केला. उद्या मेंढपाळांच्या तावडीतून रोम सोडवायला हवं होतं, आणि त्याला हत्ती लागणार होते. दारात थांबून त्यांनी फोरमनांना विचारलं, की उद्या पहिल्या खेळीला हत्ती मिळतील का.

"होतंय," फोरमन म्हणाले.

कंट्रोलरांनी खिशातली पेन्सिल काढली, वहीत 'हत्ती' लिहून त्यापुढे पाचवी खेळी टाकली, आणि डबा घेऊन एक-पंचेचाळीसची गाडी धरायला निघाले.